पर्लचे स्प्लिट आणि ओळीच्या सुरुवातीची कोरी जागा

पर्ल भाषेतले स्प्लिट हे फंक्शन एका स्ट्रिंगचे तुकडे करते आणि त्यांची यादी हाती देते. कुठे कापायचे ते सांगणारा नमुना, जी कापायची ती स्ट्रिंग आणि हवी असल्यास तुकड्यांच्या संख्येची मर्यादा, अशा तीन गोष्टी ते घेते. स्वल्पविरामाने किंवा कोलनने विभागलेल्या मजकुरावर हे काम बिनबोभाट पार पडते. विभाजक म्हणून कोरी जागा आली, म्हणजे स्पेस, टॅब, नवी ओळ यांपैकी काहीही, की मात्र गोंधळ सुरू होतो. आणि ओळीचा पहिला शब्द येण्याआधीच अशी जागा पडलेली असेल तर तो हमखास होतो.

एक ओळ घ्यावी. सुरुवातीला दोन स्पेस, मग ‘आंबा’, एक स्पेस, ‘फणस’, एक स्पेस, ‘काजू’. हीच ओळ तीन वेगवेगळ्या नमुन्यांनी कापली तर तीन वेगळी उत्तरे मिळतात. तिरक्या रेघांमध्ये एक स्पेस ठेवून, म्हणजे / / असे लिहून कापली तर पाच तुकडे येतात: दोन रिकामे, मग आंबा, फणस, काजू. बॅकस्लॅश, एस आणि प्लस ही तीन चिन्हे तिरक्या रेघांत ठेवली, तर ‘एक किंवा अधिक कोऱ्या जागा’ असा नमुना होतो. त्याला पुढे एस-प्लस म्हटले आहे. त्याने चार तुकडे येतात, त्यातला पहिला रिकामा. आणि अवतरणचिन्हांत एक स्पेस ठेवून, ' ' असे लिहिले तर नेमके तीन शब्द हाती येतात, रिकामे काहीही नाही.

पहिल्या दोन उत्तरांत पर्लची काही चूक नाही. स्प्लिटच्या दृष्टीने विभाजक म्हणजे दोन तुकड्यांच्या मध्ये असलेली गोष्ट. विभाजक सापडला की त्याच्या अलीकडे एक तुकडा आणि पलीकडे एक तुकडा असणारच. स्ट्रिंगच्या अगदी आरंभीच विभाजक सापडला, तर अलीकडचा तुकडा शून्य लांबीचा असतो, पण तो असतो. / / हा नमुना प्रत्येक स्पेसला स्वतंत्र विभाजक मानतो, म्हणून सुरुवातीच्या दोन स्पेसमागे दोन रिकामे तुकडे. एस-प्लस सलग कोऱ्या जागांचा एकच विभाजक धरतो, म्हणून एक.

विभाजक कोरी जागा नसेल तेव्हा हा नियम उपयोगी पडतो. युनिक्समधला /घर/कागद/पत्र असा मार्ग तिरक्या रेघेवर कापला, तर पहिला तुकडा रिकामा येतो. तो रिकामा तुकडाच सांगतो की मार्ग मुळापासून सुरू होणारा आहे. घर/कागद/पत्र असा सापेक्ष मार्ग कापला तर तो तुकडा येत नाही. पुढे तेच तुकडे पुन्हा तिरक्या रेघेने जोडले की मूळ मार्ग जसाच्या तसा उभा राहतो. स्वल्पविरामाने विभागलेल्या नोंदीतही पहिला रकाना कोरा असेल तर त्याची जागा राखलीच पाहिजे, नाही तर दुसऱ्या रकान्यातला मजकूर पहिल्यात सरकेल.

शब्दांच्या बाबतीत मात्र हे तर्कशास्त्र कोणालाच नको असते. ओळीत कोणते शब्द आहेत एवढाच प्रश्न असतो, आणि पहिल्या शब्दाआधीची जागा ही केवळ मांडणी असते. हा प्रश्न पर्लच्याही आधी ऑकने सोडवला होता. ॲहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७७ साली तयार केलेल्या या भाषेत प्रत्येक ओळ आपोआप रकान्यांत विभागली जाते. काहीच सांगितले नसेल तर सलग स्पेस आणि टॅब हा एक विभाजक मानला जातो आणि ओळीच्या दोन्ही टोकांची कोरी जागा सोडून दिली जाते. ही ठरावीक सवय ऑकमध्ये विभाजकाच्या चलात एक स्पेस ठेवून दर्शवतात. खरोखरच एकेका स्पेसवर कापायचे असेल तर तिथे चौकोनी कंसात स्पेस लिहावी लागते. एका स्पेसला ‘स्पेस’ सोडून दुसराच अर्थ देण्याची ही पद्धत तिथली.

लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी जाहीर केली, तेव्हा ऑक आणि सेड वापरणारे लोकच त्यांच्या नजरेसमोर होते. ऑकचे प्रोग्रॅम पर्लमध्ये रूपांतरित करणारे साधन भाषेबरोबरच दिले जात असे. २०१५ च्या ५.२२ या आवृत्तीत ते मूळ संचातून काढले गेले. ऑकमधून येणाऱ्यांना तीच सवय पर्लमध्येही मिळावी म्हणून अवतरणातल्या एका स्पेसला स्प्लिटमध्ये खास दर्जा आहे: आधी सुरुवातीची सगळी कोरी जागा काढायची, मग उरलेली स्ट्रिंग एस-प्लसने कापायची. सोय उत्तम आहे, पण तिची खूण फार नाजूक आहे. अवतरणचिन्हे आणि तिरक्या रेघा यांत स्प्लिट एरवी फारसा भेद करत नाही. अवतरणात स्वल्पविराम लिहा की तिरक्या रेघांत, उत्तर तेच. फक्त एका स्पेसच्या बाबतीत ' ' आणि / / यांचे अर्थ पूर्ण वेगळे होतात, आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून हा फरक सहज निसटतो.

स्प्लिटला काहीच दिले नाही, तर ते $_ ही चालू ओळ घेते आणि नमुना म्हणून ' ' वापरते. आज्ञेच्या ओळीवर पर्लला उणे-ए हा पर्याय दिला तर प्रत्येक ओळ ' ' नेच कापून एफ नावाच्या ॲरेत ठेवली जाते. शब्दांची यादी लिहिण्यासाठीचा क्यूडब्ल्यू हा प्रकारही आतल्या कोऱ्या जागेकडे असाच पाहतो, म्हणून कंसात शब्द कितीही आत सरकवून, ओळींवर ओळी करून लिहिले तरी चालतात.

खास दर्जा नेमका कशाला, यात एक बदल झाला आहे. पूर्वी प्रोग्रॅममध्ये थेट ' ' लिहिले असेल तरच तो मिळे. एखाद्या चलात एक स्पेस ठेवून ते चल स्प्लिटला दिले, तर त्याचा साधा रेजेक्स, म्हणजे तिरक्या रेघांत लिहितात तसा नमुना, होई आणि सुरुवातीचे रिकामे तुकडे परत येत. मे २०१३ च्या ५.१८ या आवृत्तीपासून ज्या कुठल्या राशीची किंमत एक साधी स्पेस असेल तिला हा दर्जा मिळतो. विभाजक वापरणाऱ्याकडून मागवून घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये याचा परिणाम दिसतो. तिथे खरोखर एकेक स्पेसच हवी असेल, तर चलातला मजकूर आधी रेजेक्समध्ये बदलून द्यावा लागतो.

व्यवहारात ही अडचण बहुधा दुसऱ्या प्रोग्रॅमचे उत्तर वाचताना येते. युनिक्समधल्या अनेक आज्ञा आकडे उजवीकडे टेकवून छापतात आणि डावीकडची उरलेली जागा स्पेसने भरतात. चालू प्रक्रियांची यादी देणारी पीएस, पुनरावृत्ती मोजणारी युनिक उणे-सी, अनेक फायलींच्या ओळी मोजणारी डब्ल्यूसी, सगळ्यांचे हेच. पीएसची यादी एस-प्लसने कापली तर लहान क्रमांकाच्या प्रक्रियेच्या ओळीत पहिला तुकडा रिकामा येतो आणि क्रमांक दुसऱ्या जागी जातो. रकान्याची रुंदी पूर्ण भरून काढणारा क्रमांक असला की सुरुवातीला स्पेसच उरत नाही आणि क्रमांक पहिल्या जागी येतो. एकाच यादीत काही ओळी बरोबर, काही एका घराने सरकलेल्या. अशी चूक चाचणीत सापडत नाही आणि नंतर कुठेतरी उगवते, म्हणून ती सरसकट चुकणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त त्रास देते. शब्द मोजतानाही हेच होते. स्केलर संदर्भात स्प्लिट तुकड्यांची संख्या देते, आणि एस-प्लस वापरला तर सुरुवातीला जागा आणि पुढे शब्द असलेल्या प्रत्येक ओळीत एक शब्द जादा मोजला जातो.

शेवटाकडची कोरी जागा पर्ल वेगळ्या न्यायाने हाताळते. मर्यादा दिली नसेल किंवा शून्य दिली असेल, तर यादीच्या शेवटचे रिकामे तुकडे गाळले जातात, सुरुवातीचे मात्र राहतात. ही विषमता विक्षिप्त वाटते, पण तिला कारण देता येते: पुढचे तुकडे काढले तर बाकीच्यांचे क्रमांक बदलतात, मागचे काढले तर कोणाचाही बदलत नाही. यातून एक गंमत घडते. नुसत्या कोऱ्या जागेची ओळ एस-प्लसने कापली तर यादी पूर्ण रिकामी मिळते, कारण सगळेच तुकडे रिकामे असल्याने ते सगळे शेवटचे ठरतात. मर्यादा ऋण दिली की शेवटचे रिकामे तुकडेही राखले जातात, आणि तेव्हा ' ' सुद्धा ओळीच्या शेवटच्या जागेपोटी एक रिकामा तुकडा देते. म्हणजे ' ' दोन्ही टोके साफ करते असे जे सर्रास म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. सुरुवात ते स्वतः साफ करते. शेवट साफ होतो तो स्प्लिटच्या सर्वसाधारण नियमामुळे.

ओळीअखेरचे नवी ओळ हे चिन्हही कोरी जागाच असल्याने ' ' वापरताना ते आधी वेगळे काढावे लागत नाही. / / वापरले तर ते शेवटच्या शब्दाला चिकटून राहते. मर्यादा धन असेल तेव्हाही सावध राहावे लागते. ' ' ला मर्यादा २ दिली तर पहिला शब्द एक तुकडा होतो आणि बाकीची सगळी ओळ दुसरा. ओळीच्या सुरुवातीची जागा आणि पहिल्या शब्दानंतरची जागा नाहीशी होते, पण दुसऱ्या तुकड्याच्या आतली व अखेरची जागा, नवी ओळ धरून, तशीच राहते. आज्ञा आणि तिच्यामागचा मजकूर वेगळा करायला हा प्रकार फार सोयीचा आहे.

सुरुवातीच्या रिकाम्या तुकड्याच्या नियमाला एक अपवाद आहे. विभाजकाने निदान एक तरी अक्षर खाल्ले असेल तरच तो तुकडा येतो. शून्य रुंदीची जुळणी सुरुवातीला झाली तर येत नाही. म्हणून // या रिकाम्या नमुन्याने स्ट्रिंगची अक्षरे सुटी केली, तर आरंभी स्पेस असल्यास ती स्पेस हाच पहिला तुकडा होतो. तिच्याआधी रिकामे काही येत नाही. आणि स्ट्रिंगच मुळात रिकामी असेल, तर नमुना व मर्यादा काहीही असो, यादी रिकामीच.

कोरी जागा म्हणजे नेमके काय, यावर बरेच अवलंबून असते. स्पेस, टॅब, नवी ओळ, कॅरेज रिटर्न आणि फॉर्म फीड ही चिन्हे पहिल्यापासून त्यात आहेत. उभा टॅब ५.१८ पासून आला. युनिकोडच्या नियमांनी पाहिले तर न तुटणारी स्पेसही कोरी जागा ठरते. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात ती वारंवार आढळते. उलट शून्य रुंदीची स्पेस, नावात स्पेस असूनही, या गटात नाही. फाइलीच्या तोंडाशी काही संपादक घालतात ते बाइट-क्रमाचे चिन्हही नाही. म्हणून अशा फाइलीची पहिली ओळ ' ' ने कापली तरी पहिल्या शब्दाला ते अदृश्य चिन्ह चिकटून येते, आणि त्याच्यामागे स्पेस असतील तर ते चिन्ह स्वतःच पहिला तुकडा होऊन बसते. मराठीत र्‍य, र्‍ह लिहिताना काही कळफलक जो शून्य रुंदीचा सांधक घालतात, तोही कोरी जागा नाही, आणि ते बरेच आहे. नाही तर असे शब्द मधोमध तुटले असते.

देवनागरी मजकुराला खरा धोका दुसरीकडे आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘अ’ चे बाइट सोळाच्या पायात ई०, ए४, ८५. ‘ठ’ चे ई०, ए४, ए०. आणि ॲ-उच्चाराच्या अर्धचंद्र मात्रेचे ई०, ए५, ८५. आता ८५ आणि ए० हे आकडे सुटे घेतले, तर युनिकोडच्या तक्त्यात त्या क्रमांकांवर अनुक्रमे ‘पुढची ओळ’ हे नियंत्रक चिन्ह आणि न तुटणारी स्पेस आहे. दोन्ही कोऱ्या जागा. फाइल वाचताना तिचे बाइट अक्षरांत उलगडायचे राहून गेले आणि प्रोग्रॅममध्ये युनिकोड-स्ट्रिंग्ज ही सुविधा चालू असली (भाषेची ५.१२ किंवा त्यापुढची आवृत्ती मागितली की ती आपोआप चालू होते), तर एस-प्लस या बाइटांवरही कापतो. ‘अकोला ठाणे पुणे’ या तीन शब्दांचे मग पाच तुकडे होतात: ‘अ’ चे उरलेले दोन बाइट, ‘कोला’, ‘ठ’ चे उरलेले दोन बाइट, एकटा पडलेला ‘ाणे’ आणि शेवटी सुखरूप पुणे. ' ' पूर्वी या सुविधेची दखल घेत नसे. २०१८ च्या ५.२८ पासून घेते, त्यामुळे तेव्हापासून तेही असेच वागते. उपाय स्प्लिटमध्ये नाही. फाइल उघडतानाच ती यूटीएफ-८ आहे हे सांगितले पाहिजे आणि प्रोग्रॅमच्या मजकुरातच मराठी शब्द असतील तर यूटीएफ-८ चा प्राग्मा वर लिहिला पाहिजे.

' ' चालत नसेल अशा वेळी सुरुवातीची जागा काढायला दुसरे मार्ग आहेत. आधी आरंभीची कोरी जागा एका बदलीने पुसून टाकायची आणि मग हवा तो नमुना वापरायचा, हा सर्वात सरळ. ५.३६ मध्ये दोन्ही टोके साफ करणारे ट्रिम हे फंक्शन प्रायोगिक म्हणून आले आणि ५.४० मध्ये पक्के झाले. त्यानेही हेच काम होते. काही जण आलेल्या यादीतून रिकामे तुकडे ग्रेपने गाळतात. त्यात तुकड्याची लांबी तपासावी, तुकडा खरा की खोटा हे तपासू नये, कारण पर्लमध्ये शून्याचा आकडा खोटा मानला जातो आणि रिकाम्या तुकड्यांबरोबर शून्येही गायब होतात. आणखी एक मार्ग म्हणजे कापण्याऐवजी वेचणे: कोरी नसलेल्या सलग अक्षरांचा नमुना देऊन स्ट्रिंगभर जुळण्या गोळा करायच्या. इथे रिकाम्या तुकड्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पर्लचे नामवंत शिक्षक रँडल श्वार्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा की काय टाकायचे ते ठाऊक असेल तर स्प्लिट वापरावे आणि काय ठेवायचे ते ठाऊक असेल तर जुळणी वापरावी. आणि आतबाहेरची सगळी जागा एकसारखी करायची असेल, तर ' ' ने कापून एका स्पेसने पुन्हा जोडणे ही पर्लमधली सर्वात नेटकी युक्ती.

दुसऱ्या भाषांतून येणाऱ्यांनी थोडे जपावे. रुबीने पर्लचा हा अपवाद जसाच्या तसा उचलला. पायथनमध्ये स्प्लिटला काहीच दिले नाही तर ऑकसारखे वर्तन मिळते, पण अवतरणात एक स्पेस दिली तर अक्षरशः एकेक स्पेसवर कापले जाते, म्हणजे पर्लच्या नेमके उलट. जावास्क्रिप्टमध्ये खास दर्जा कशालाच नाही. गो भाषेने दोन कामांना दोन वेगळी नावे दिली आहेत, फील्ड्स आणि स्प्लिट. पर्लपेक्षा ही सोडवणूक अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

सुरुवातीची जागाच माहिती असते असेही मजकूर आहेत. पायथनचा प्रोग्रॅम किंवा यामल फाइल वाचताना ओळ किती आत सरकली आहे यावरच तिचा अर्थ ठरतो, आणि ' ' ती माहिती पहिल्याच पावलावर फेकून देते. तिथे आरंभीची जागा आणि उरलेली ओळ असे दोन गट रेजेक्सने पकडावेत, मग दुसऱ्या गटाचे हवे तसे तुकडे करावेत. ठरावीक रुंदीच्या रकान्यांचा तक्ता असेल तर स्प्लिट अजिबात वापरू नये. त्यात एखादा रकाना कोरा असला की तो आजूबाजूच्या जागेत विरून जातो आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. अशा ओळींसाठी अनपॅक आहे. मोठ्या ए या खुणेपुढे रुंदी लिहिली की ते तेवढी अक्षरे उचलते आणि तुकड्याच्या शेवटची जागा काढते, सुरुवातीची ठेवते. उजवीकडे टेकवलेल्या आकड्यापुढे अशी जागा राहिली तरी बेरीज-वजाबाकी बिघडत नाही, कारण स्ट्रिंगचा आकडा करताना पर्ल आरंभीच्या कोऱ्या जागेकडे दुर्लक्ष करते. तोच तुकडा हॅशची किल्ली म्हणून किंवा स्ट्रिंगच्या तुलनेत वापरायचा असेल, तर मात्र ती जागा आधी पुसावी लागते.